बाराचे दुसरे टोले

फुल्क्राँ पांतेलशी लग्न करून मला एकोणचाळीस वर्षं झाली. त्या शुक्रवारी सकाळी पावणेअकराला, भर चौकात, मेयरच्या कचेरीच्या उघड्या खिडकीखाली उभं राहून मी त्याला ओरडून सांगितलं, “आजपासून माझ्या हातचा घास तुला मिळायचा नाही. बस उपाशी तुझ्या त्या घड्याळाबरोबर!”

मागितलं काय होतं मी? दहा मिनिटं. कुणाची इस्टेट नव्हती मागितली. चर्चच्या मनोऱ्यातलं घड्याळ दहा मिनिटं मागे कर, एवढंच. मनोऱ्याची चावी त्याच्याच खिशात असते. गेली एकेचाळीस वर्षं रोज सकाळी वर चढून घड्याळाला किल्ली तोच देतो. त्याच्या आधी त्याचा बाप द्यायचा, त्याच्या आधी आजा.

थांबा, आधी शाळेचं सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई घड्याळावरून नवऱ्याच्या जिवावर का उठली.

आमचं गाव कोस्तरूज, टार्न नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरावर. शाळेची खोली एक, बाई एक, मुलं तेरा. आणि मागच्या बाजूला माझं स्वयंपाकघर. सव्वीस वर्षं मी तिथे मुलांचं दुपारचं जेवण करते. गावातल्या निम्म्या बाप्यांना मी नाक पुसून भरवलंय, आणि तेच आता मला राजकारण शिकवतात! तर वरून फर्मान आलं की पुढच्या वर्षी चौदा मुलं असतील तर शाळा चालू, तेरा असतील तर बंद. नावनोंदणीची मुदत त्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. इन्स्पेक्टर साहेब स्वतः येऊन बसणार, आणि मूल आई किंवा बापासकट समोर उभं पाहिजे, नुसतं कागदावरचं नाव चालणार नाही. त्याचं कारण असं की पलीकडच्या खोऱ्यातल्या कुठल्याशा गावाने आदल्या वर्षी यादीत एका कुत्र्याचं नाव घुसवलं होतं, तेही आडनावासकट.

आमचं चौदावं मूल होतं, पण ते रस्त्यात होतं.

ग्वेनोला नावाची एक बाई दूर, समुद्रकाठच्या ब्रिटनीहून येत होती. घोड्यांना नाल ठोकण्याचा तिचा धंदा. आमची मेयर सिदोनी हिने वर्षभर पत्रं लिहून, फोन करून तिला पटवलं होतं, गावातली बंद पडलेली लोहारशाळा तिला भाड्याने दिली होती. तिची सहा वर्षांची मुलगी आझेनॉर हे आमचं चौदावं मूल. आदल्या संध्याकाळीच त्या यायच्या होत्या. आम्ही चौकात टेबलं मांडली, झालरी लावल्या, वाट बघून बघून सूप दोनदा गरम केलं. शेवटी निरोप आला, गाडी रखडत चाललीय, वाटेत फ्लोराकला मुक्काम करतो, सकाळी येतो.

सकाळी इन्स्पेक्टर साहेब मेयरच्या कचेरीत आले. तिसांदिए त्यांचं नाव. उंच, वाळकुडे, हसायला जड. दारामागच्या खिळ्यावर त्यांनी आपला करडा रेनकोट अडकवला, मी दिलेली कॉफी घेतली, आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. 

साडेदहाला फोन वाजला. ग्वेनोलाची गाडी घाटाच्या पायथ्याशी बंद पडली होती. क्लच गेला. चौदा किलोमीटर खाली!

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. माझी स्वयंपाकघराची व्हॅन घेऊन खाली जायचं, त्यांना उचलायचं, वर यायचं, म्हणजे बारा वाजून दहा. म्हणून धावले फुल्क्राँकडे. तो चौकातल्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

“दहा मिनिटं, फुल्क्राँ. कुणाला कळणारही नाही.”

“साहेबांकडे स्वतःचं घड्याळ आहे.”

“सिदोनी सांगेल की गावात गावचंच घड्याळ चालतं. ऐकतील ते. तू फक्त वर जा!”

“नोएली,” तो म्हणाला, “त्या घड्याळावर लोक औषधं घेतात. दूध काढतात. मयताची वेळ लिहितात. एकदा ते खोटं बोललं की मग ते घड्याळ नाही, नुसता लोखंडाचा ढीग.”

“आणि शाळा गेली तर?”

“तर फार वाईट होईल.” त्याचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं. “पण नाही. मी नाही करणार.”

मग मी जे बोलले ते तुम्हाला सांगितलंच. त्यात आणखी चार शब्द होते, पण ते लिहिण्यासारखे नाहीत. खिडकीत साहेब उभे आहेत की नाही हे बघण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते.

त्या घाटाने मी अठराव्या वर्षापासून गाडी चालवतेय, पण त्या दिवशी चालवली तशी कधी नाही. वळणावळणावर मागे कांद्याच्या पाट्या इकडून तिकडे. डाव्या हाताला खोल दरी, उजव्या हाताला फुललेल्या पिवळ्या झुडुपांचा उतार, आणि मी हॉर्नवर हात ठेवून सबंध वेळ नवऱ्याला शिव्या घालतेय! खरं सांगू? भीती वाटत होती, पण मजाही येत होती. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी एवढी कुणाला गरज असते आपली?

खाली पोचले तेव्हा अकरा वाजून पाच. रस्त्याकडेला एक निळी गाडी, बाजूला दंडाने भक्कम, केस आखूड कापलेली एक बाई, आणि दप्तर पोटाशी धरून बसलेली एक चिमुरडी.

“चला, बसा! सामान राहू दे!”

“ऐरण घेऊ दे,” ग्वेनोला म्हणाली.

“काय घेऊ दे?”

“ऐरण. आजोबांची आहे. रस्त्यावर टाकून मी येणार नाही.”

“अगं बाई, नव्वद किलोची ऐरण चोरणार कोण? चोराची कंबर मोडेल!”

तिने क्षणभर विचार केला, गाडीला कुलूप लावलं आणि बसली. पोरीला मी म्हटलं, दप्तर तरी ठेव, तर ती म्हणाली, “नाही. त्यात माझं सगळं आहे.” आईसारखीच हट्टी! मला तिथल्या तिथे आवडली.

वर चढताना मला वाटायला लागलं की आपण पोचतोय. अकरा चाळीसला आम्ही शेवटच्या पुलाच्या अलीकडचं वळण घेतलं. गाणं म्हणायचंच बाकी होतं. आणि समोर काय? मेंढ्या! रस्ताभर, पुलावर, पुलापलीकडे चढावर, जिथवर नजर जाईल तिथवर मेंढ्या. गळ्यात घंटा, पाठीवर लाल लोकरीचे गोंडे. उन्हाळ्यासाठी कळप वर चरायला निघाला होता. दरवर्षी याच आठवड्यात निघतो, दरवर्षी आम्ही त्यांच्यासाठी चौकात वाईन ठेवतो, आणि त्या दिवशी शाळेच्या नादात सगळं गाव ते साफ विसरलं होतं.

माझा चुलतभाऊ प्रिव्हा काठी टेकत मागून चालला होता. मी काच खाली करून ओरडले, “प्रिव्हा! बाजूला घे त्यांना!”

“कुठे घेऊ? नदीत?”

“शाळा बंद पडेल, गाढवा!”

“नोएली, अठराशे आहेत. मी सांगतो, पण प्रत्येकीला वेगळं सांगावं लागेल.”

दहा मिनिटं आम्ही त्या लोकरीच्या मागे इंचाइंचाने सरकलो. त्यातली दोनेक तर मी त्याच्याशी भांडण्यात घालवली, ते आता कबूल करते. पुलापाशी पोचलो तेव्हा घड्याळात बाराला दहा कमी. मी गाडी तिथेच, रस्त्याच्या मधोमध बंद केली.

“उतरा. पायी जायचं.”

आता पुलापासून चौकापर्यंत सगळा चढ. मी आझेनॉरला पाठुंगळी घेतलं, कारण ग्वेनोलाच्या गुडघ्याला महिन्यापूर्वीच एका घोड्याने लाथ मारली होती, ती लंगडत होती. आणि आम्ही घुसलो कळपात. मांडीला मेंढ्या घासतायत, घंटांचा नुसता कल्लोळ, धूळ, आणि पाठीवर ती पोर ओरडतेय, “हट! हट! शाळेला उशीर होतोय!” तुम्हाला सांगते, मेंढ्यांनी वाट दिली. प्रिव्हाचं ऐकलं नाही, तिचं ऐकलं. मागून प्रिव्हाही ओरडायला लागला, “पळ, नोएली, पळ!” माझा श्वास फुलला होता, एप्रन गळून पडला होता, आणि मी अठ्ठावन्न वर्षांची बाई हसत पळत होते.

कारंज्यापाशी आलो आणि वर घड्याळ वाजायला लागलं. एक. दोन. तीन. मी थांबले नाही. बारा झाले, आणि मी मनात म्हटलं, चला, अजून दोन मिनिटं आहेत.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, हिला वेड लागलं. तर आमच्याकडे घड्याळ प्रत्येक तास दोनदा वाजवतं. एकदा वेळ झाल्यावर, आणि पुन्हा दोन मिनिटांनी, तितकेच टोले. लांब शेतात, कुरणात असलेल्या माणसाने पहिल्यांदा ऐकलं तर किती वाजले ते मोजायचं राहून जातं. म्हणून पहिल्या टोल्यांना आम्ही मान वर करतो आणि दुसऱ्यांना मोजतो. जेवायला दुसऱ्यावर बसतो, दुकान दुसऱ्यावर बंद होतं. आमच्या अंगात ते इतकं मुरलंय की बारा म्हणजे आमच्यासाठी दुसरे बारा. उन्हाळ्यात सुट्टीला येणारे पॅरिसचे लोक पहिल्या दिवशी घड्याळ बिघडलंय म्हणून सांगायला येतात.

आणि तिथेच, कारंज्याच्या शेवटच्या पायरीवर, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साहेबांना हे कुणी सांगितलंय का?

कुणीच नाही! झालरी लावल्या, टेबलं मांडली, साहेबांना कॉफीत किती साखर लागते तेसुद्धा विचारून ठेवलं, आणि ही एवढी गोष्ट सांगायची राहिली. सिदोनी म्हणाली असेल बारापर्यंत, ते म्हणाले असतील बारापर्यंत, आणि दोघांच्या डोक्यात वेगवेगळे बारा! अशी चूक करावी तर कोस्तरूजच्या माणसांनीच.

मी कचेरीत अक्षरशः कोसळले. आत सगळं गाव भिंतीला टेकून उभं, चेहरे उतरलेले. सिदोनी रडकुंडीला आलेली. साहेबांनी फाईल बांधली होती, पेनचं टोपण लावलं होतं.

“चौदावी!” मी पोरीला जमिनीवर उतरवलं. “ही घ्या चौदावी!”

तिसांदिए साहेबांनी आपलं घड्याळ माझ्याकडे वळवलं. बारा वाजून एक मिनिट.

“मला खरंच वाईट वाटतं, बाई,” ते म्हणाले. “पण बारा वाजले. सगळ्यांनी ऐकलं.”

“ते पहिले होते!” वीसेक माणसं एकदम ओरडली.

“पहिले म्हणजे?”

आणि मग जो काही गोंधळ झाला! सगळे एकदम समजावायला लागले, शेतं, कुरणं, मोजणं, कुणी कुणाचं ऐकेना. साहेबांनी हात वर केला. “माफ करा. उशीर झाल्यावर दुसरे बारा निघतात, हे मी अनेक गावांत अनेक प्रकारांनी ऐकलंय.” आणि ते उठून दारामागचा रेनकोट काढायला गेले.

तिथे, दाराशेजारी, फुल्क्राँ बसला होता. तो आत आलेला मला दिसलाच नव्हता. धापा टाकत होता, हे तेव्हा लक्षात आलं, पण का ते कळलं नाही.

“साहेब,” तो उठून म्हणाला, “कोट काढताय तर त्याच्या मागे बघा.”

साहेबांनी कोट उचलला. खिळ्याखाली एक निळी पाटी होती, कडा गंजलेल्या. आम्ही जन्मभर तिच्यावर कोट अडकवत आलो. त्यावर लिहिलंय, नोंद, मतदान आणि लिलाव यांची दारं दुपारी बाराच्या दुसऱ्या टोल्यांतल्या शेवटच्या टोल्याला बंद होतील. खाली साल, १८८७.

“त्या वर्षी निवडणूक होती,” फुल्क्राँ सावकाश बोलत होता, आणि मला वाटत होतं की याला जाऊन हलवावं. “वरच्या वाड्यांची माणसं बर्फातून खाली आली. पहिल्या टोल्यांना दार लावलं गेलं. त्यांना वाटलं दुसऱ्यांना लागेल. फार मारामारी झाली. तेव्हा ही पाटी लावली. घड्याळ माझे पणजोबा सांभाळत होते. दुसरे टोले अजून व्हायचेत, साहेब. तीस सेकंदांत होतील.”

साहेब पाटीकडे बघत राहिले. मग त्याच्याकडे.

“सकाळी चौकात होतात ते तुम्हीच ना?” त्यांनी विचारलं. “मी खिडकीत होतो.”

 म्हणजे सगळं ऐकलं होतं यांनी. दहा मिनिटं, कुणाला कळणार नाही, सिदोनीने काय सांगायचं तेसुद्धा. आता संपलंच!

“यांना तुम्ही दहा मिनिटं दिली नाहीत,” साहेब म्हणाले. “स्वतःच्या बायकोला. आणि त्या काय मागतात ते तर सगळ्या चौकाला ऐकू गेलं.”

“नाही दिली,” फुल्क्राँ म्हणाला.

“मग माझ्याकडून दोन मिनिटं तुम्ही चोरणार नाही.” त्यांनी कोट खुर्चीवर फेकला, फाईलची दोरी ओढली. “लवकर! आईचं नाव?”

वर घरघर झाली आणि पहिला टोला पडला.

“ग्वेनोला केर्ब्रा!”

दोन.

“मुलीचं?”

“आझेनॉर.”

“कसं लिहायचं?” तीन. चार. आईने अक्षरं सांगितली. पाच. मेयरने शाईचा शिक्का फुंकून तयार धरला होता. सहा.

“जन्माचा कागद?”

ग्वेनोलाने खिसे चाचपले. “गाडीत राहि...”

“माझ्याकडे आहे,” आझेनॉर म्हणाली. सात. तिने दप्तर जमिनीवर उपडं केलं. रंगखडू, एक घोड्याचा नाल, अर्धं सफरचंद, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेला, सगळ्यांच्या जन्मनोंदी असलेला कुटुंबाचा दाखला. आठ. आधीच सांगितलं होतं तिने, दप्तरात तिचं सगळं आहे म्हणून. नऊ. साहेबांनी आकडे उतरवले. ग्वेनोलाने पेन घेतलं. दहा. सही केली. अकरा.  मेयरने शिक्का असा आपटला की कॉफीचा कप उडाला.

बारा!

साहेबांनी कागदाच्या तळाशी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, “विद्यार्थी चौदा. नोंद मुदतीत पूर्ण.” पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. लोक टेबलावर चढले. शाळेच्या बाई भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होत्या. बाहेर त्याच वेळी मेंढ्या चौकात शिरल्या आणि टेबलांवरच्या कागदी झालरी खाऊ लागल्या. कुणी हाकललं नाही.

“बाई, तुम्ही रडताय?” आझेनॉरने मला विचारलं.

“कांद्याचा वास आहे अंगाला,” मी म्हटलं. “भूक लागली का?”

शुक्रवार म्हणजे आमच्याकडे अलिगो. बटाटे सकाळीच उकडून ठेवले होते. चौकात मोठं पातेलं आणलं, त्यात ताजं चीज टाकून घोटलं, तार हातभर निघायला लागली. साहेबांनी तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा घेताना हसलेसुद्धा. प्रिव्हाने अठराशे मेंढ्यांच्या वतीने माझी माफी मागितली आणि चौघांची वाईन एकटा प्यायला.

फुल्क्राँ लांब, बाकावर, टोपी मांडीवर घेऊन बसला होता. ताट वाढून घ्यायला आला नाही. सकाळी मी बोलले ते त्याने धरून ठेवलं होतं. या माणसाला प्रत्येक शब्द खराच वाटतो, हीच तर माझी जन्माची तक्रार.

मी ताट भरून घेऊन गेले. “घे. गिळ.”

“तू म्हणाली होतीस...”

“मी काय म्हणाले ते मला माहीत आहे. घे म्हणते ना!”

तो जेवायला लागला. मी शेजारी बसले. पाय नुसते ठणकत होते. थोड्या वेळाने मी विचारलं, “मी आले तेव्हा तू धापा का टाकत होतास?”

त्याने चमचा खाली ठेवला. “वर गेलो होतो.”

“कुठे वर?”

“मनोऱ्यात. बाराला दहा कमी असताना. लंबकापर्यंत हात नेला होता, नोएली. थांबवणार होतो. तुझ्यासाठी.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.”



“मग?”

“मग खिडकीतून पूल दिसला. तुझी व्हॅन रस्त्यात मधोमध, आणि मेंढ्यांमधून पोरीला पाठीवर घेऊन तू पळतेयस. पुलापासून चौक तुला पळत बारा मिनिटं लागतात. तुझी ती चाल मी लग्नाच्या आधीपासून बघतोय. म्हटलं, पहिल्याला नाही, पण दुसऱ्याला ही पोचते. म्हणून हात मागे घेतला आणि खाली आलो.”

“आणि नसते पोचले तर? पाय मुरगळला असता, पडले असते तर?”

“तू?” त्याने खरंच आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चमचा उचलला.

मी त्याची टोपी उचलून माझ्या मांडीवर घेतली आणि ताट संपेपर्यंत तिथेच बसून राहिले. मग घड्याळात दोन वाजले. आझेनॉर कारंज्यावरून ओरडली, “दोन!” सगळं गाव एका सुरात म्हणालं, “थांब!” आणि आम्ही सगळे, साहेबसुद्धा, दुसऱ्या टोल्यांची वाट बघत गप्प बसलो.